दातांनी ऐकणारे अप्पा

अप्पा इंजिन दातांनी ऐकत. हातभर लांबीच्या पोलादी सळईचं एक टोक ते चालू इंजिनाच्या अंगावर टेकवायचे, दुसरं टोक समोरच्या दातांत धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा ऊस सोलायला बसलाय. मिनिटाभरानं सळई काढून, तिच्यावर फडकं फिरवून ते जाहीर करायचे, "तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह ढिल्ला हाय." आणि तो असायचाच.

त्यांचे कान जवळजवळ गेले होते. सीमेकडच्या एका साखर कारखान्यात वाफेच्या टर्बाईनवर त्यांनी सगळी नोकरी काढली. जनरेटर फिरवणारं ते प्रचंड चक्र हंगामात रात्रंदिवस ओरडायचं, आणि अप्पा त्याच्या शेजारी उभे. कानात बोळे का घातले नाहीत असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाज वाटायची. समदी म्हनायची, बाईमानूस हाईस का?" स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलत. मोठ्यानं बोलणं ही कोल्हापुरात काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण अप्पांचं कुजबुजणंसुद्धा रस्त्याच्या पलीकडे जायचं.

आमची ओळख दातामुळेच झाली. मी दातांची डॉक्टर. राजारामपुरीत माझा छोटा दवाखाना आहे. एका सकाळी सत्तरीचे, काटक, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले गृहस्थ खुर्चीत येऊन बसले. वरच्या बाजूचा समोरचा दात अर्धा तुटलेला आणि मुळाशी पू झालेला. दोन डॉक्टरांनी दात काढायला सांगितलं होतं. मी तपासत काहीबाही विचारत होते आणि ते नुसते बघत होते. शेवटी गरजले, "मास्क काढा की, अक्का! तोंड दिसल्याबिगर मला काय ऐकू येतंय?"

मी मास्क काढला आणि सावकाश म्हणाले, "दात काढावा लागेल बहुतेक."

"न्हाय काढायचा. ह्यो गेला तर मी बहिरा हुतो."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सळईचं सगळं सांगितलं. ओठांच्या हालचालीवरून माणसांचं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण यंत्राचं सगळं बोलणं ह्या एका दातातून डोक्यात जातं. बाकीचे दात हलत होते. हाच एक घट्ट होता आणि आता हाच तुटला होता. "मानसांस्नी बहिरा हाय मी," ते म्हणाले, "मशिनींस्नी न्हाय अजून."

मी तो दात वाचवायचं ठरवलं. पाच वेळा बोलावून मुळातली घाण साफ केली, आत खांब रोवला, वर धातूची टोपी बसवली. शेवटच्या दिवशी अप्पा पिशवीतून सळई घेऊनच आले. बाहेरच्या खोलीतल्या पेशंटांदेखत माझ्या कॉम्प्रेसरपाशी उकिडवे बसले, सळई टेकवली, डोळे मिटले. मी आत श्वास रोखून उभी. परीक्षा माझी होती.

"ऐकू येतंय!" दवाखाना दणाणला. मग जरा खालच्या पट्टीत, म्हणजे फक्त जिन्यापर्यंत जाईल असं, म्हणाले, "हिचं बेरिंग चाललंय बघा." त्याच आठवड्यात मी कॉम्प्रेसर उघडायला लावला. बेरिंग खरंच संपत आलं होतं.

योगायोग असा की त्याच महिन्यात मी एक गाडी विकत घेतली होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, दोन दारांची, जपानी, टर्बो असलेली. आखातातून परतलेल्या कुणी हौशीनं ती आणली होती आणि नंतर ती अकरा वर्षं कागलजवळच्या एका कोंबड्यांच्या शेडमध्ये उभी होती. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पंधरा वर्षं दिवसभर चार बोटांएवढ्या जागेत काम करून मला असं काहीतरी हवं होतं, जे मला मुळीच येत नाही. नवरा म्हणाला, "मग कन्नड शीक." पण मी गाडीच घेतली. ट्रकवरून ती आमच्या दारात उतरली तेव्हा तिच्या सीटवर पिसं होती.

अप्पांना बोलावलं. मला वाटलं, बॅटरी घालू, पेट्रोल घालू आणि बघू चालू होते का. मी किल्ली पुढे केली तसा त्यांनी माझा हातच धरला.

"थांबा. अकरा वरसं झोपलेल्या मानसाला उठवून पळाया लावता व्हय?"

त्यांनी बॉनेट उघडलं आणि नारळाएवढ्या एका बिडाच्या गोळ्यावर तळवा ठेवला. तोच टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातलं बोटभर चक्र फिरतं आणि दुसऱ्या बाजूनं इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. "आमची हत्तीएवढी हुती, ही एवढीशी," अप्पा म्हणाले. "पर जात एकच. मिनिटाला लाखभर गरके घेतीया ही. कशाच्या जिवावर? तेलाच्या. तेल आदी, मग गरका. उलटं झालं की संपलं."

मग आमचे रविवार सुरू झाले. टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला रंगाच्या डब्याचा वास. हवेच्या पेटीत उंदराचं सुकलेलं घरटं. कडक झालेले रबरी पाईप मी एकेक करून सोडवले, त्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून नावं लिहून ठेवली. अप्पा शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, हात पाठीमागे बांधून. एकदाही त्यांनी पाना हातात घेतला नाही. मी चिडून म्हणाले, "अप्पा, हा नट तुमच्या हातानं दोन मिनिटांत सुटेल!" त्यांना ओठ वाचता आले असणार, कारण उत्तर लगेच आलं. "माजा हात लागला तर गाडी माजी हुईल. तुमाला पायजे न्हवं?"

ठिणगीचे प्लग काढून इंजिन पान्यानं हातानंच फिरवायचं, ही त्यांची पुढची अट. "हाताला कळू दे." मी दोन्ही हातांनी जोर लावून पहिला फेरा घेतला तेव्हा आत काहीतरी जड, तेलकट असं सरकल्याचं मनगटाला जाणवलं. दाताचं मूळ हलतं तेव्हा चिमट्यातून हाताला जसं कळतं, तसंच. मी हे सांगितल्यावर ते खूश झाले. "मग तुमी हायसाच की मिस्त्री. इतके दिस तोंडात काम करत हुता, येवढंच."

आणि मग मी ती चूक केली.

नवं तेल घातलं होतं, पेट्रोल ताजं होतं, बॅटरी आली होती. राहिलं होतं एकच काम. टर्बोच्या नळीतून हातानं तेल भरायचं, आणि ते तिथवर पोचल्याची खात्री होईपर्यंत प्लग न लावता इंजिन नुसतं फिरवायचं. ते पुढच्या रविवारी ठरलं होतं, कारण अप्पा गावच्या जत्रेला गेले होते. मला कुणी भरीस घातलं नाही. दुपारी घरी कुणी नव्हतं. मी प्लग लावले, गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

तिसऱ्या प्रयत्नाला ती लागली. त्या क्षणाचं काय सांगू! मी एकटीच मोठ्यानं हसत होते. चार मिनिटांनी पातेल्यावर चमचा घासावा तसा आवाज आला, त्याची वाढत वाढत किंचाळी झाली आणि मागून निळा धूर आला. मी गाडी बंद केली.

पुढचा आठवडाभर मी एक वाक्य तयार करत होते. अकरा वर्षं उभ्या गाडीचा टर्बो आधीच गेलेला असू शकतो. इंजिन फिरवून बघताना तो अडकलेला सापडला, एवढंच सांगायचं. कोण ओळखणार?

अप्पा आले. नळी सोडायला लावून, काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी गाडीला बोट लावलं. चक्राचा दांडा हलवून पाहिला. तो सैल दातासारखा लटपटत होता. ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या ओठांकडे. त्यांना ऐकायचं असलं की ते असे बघत. त्या नजरेसमोर तयार केलेलं वाक्य बाहेर पडेना.

"मी चालू केली," मी म्हणाले.

"किती येळ?"

"चार मिनिटं."

"कसं वाटलं?"

मला रडू येत होतं. "छान वाटलं, अप्पा."

ते हसले. मग स्टुलावर बसले आणि कारखान्यातलं सांगू लागले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच लहान ऐकला.

तरुणपणी एका हंगामात टर्बाईन बंद पडलं होतं. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग, वरून माणसांवर माणसं येऊन विचारत होती, कधी चालू होणार. तेलाचा दाब पुरता चढायच्या आत अप्पांनी वाफ सोडली. बेरिंग वितळलं. कारखाना आठवडाभर थांबला. चौकशीत सगळ्यांनी धरलं की तेलाच्या पंपावरच्या गड्याची चूक. त्याला घरी बसवलं. "मी गप बसलो," अप्पा म्हणाले. "तीन दिस. चवथ्या दिशी सायबाच्या टेबलाफुडं जाऊन सांगिटलं. त्याला परत घेतलं, माजी बढती ग्येली. बढतीचं काय न्हाय वो. त्ये तीन दिस हायत न्हवं, त्ये अजून जात न्हाईत."

माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी विषय मोडला. "तुमी तीन मिन्टात सांगिटलं. झालं की मग. घ्या पाना. खोला."

टर्बो मी खोलला. आतले, दांड्याला धरणारे पितळी बुश करपून निळे पडले होते. अप्पा मला उद्यमनगरात घेऊन गेले. तिथल्या लेथवाल्यांत अप्पांना न ओळखणारा कुणी नव्हता. एकानं माप घेऊन नवे बुश कातून दिले, तेही अप्पांनी नखानं चाचपून दोनदा परत करायला लावल्यावर. फिरताना डगमगू नये म्हणून चक्र आणि दांडा पुण्याला पाठवून तोलून आणले. या सगळ्यात पावसाळा गेला. त्या काळात मला एक गोष्ट लक्षात आली, की मी दवाखान्यातही बदलले होते. घाबरलेल्या पेशंटला मी आता घाई करत नव्हते. मास्क काढून, समोर बसून, आधी बोलत होते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गाडी सुरू केली. तेल टर्बोतून परत खाली उतरताना डोळ्यांनी बघितलं, मगच. अप्पांनी सळई टेकवली आणि डोळे मिटले. त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला. मी स्टीअरिंग धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी सळई काढली. तिच्यावर फडकं फिरवलं आणि दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले.

आम्ही कळंब्यावरून बिद्रीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा. गाव मागे पडल्यावर मी पाय दाबला. आधी काही नाही, आणि मग एकदम कुणीतरी पाठीत हात घालून पुढे ढकलावं तशी ती सुटली. "आयायायाया!" अप्पा ओरडले. पुढं बिद्रीच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहा घेतला. परतीच्या वाटेवर काहीतरी विचारायला मी त्यांच्याकडे तोंड वळवलं, तर ते झोपले होते. तोंड उघडं, आणि त्यात मी बसवलेली टोपी चकाकत होती. मी घरापर्यंत वेग वाढवला नाही.

अप्पा पुढच्या उन्हाळ्यात गेले. आंघोळ करून विभूती लावली, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. मी त्या वेळी परगावी होते. त्यांना गावी नेऊन माती दिल्याचं मला परत आल्यावर कळलं. त्यांच्या पत्नीला भेटायला जायचं धाडस माझ्याकडून महिनाभर झालं नाही. मग एका दुपारी गाडी काढली आणि मंगळवार पेठेतल्या त्यांच्या बोळात गेले. इतक्या दिवसांत अप्पाच माझ्याकडे येत, मी तिकडे कधी गेले नव्हते. पत्ता विचारायला काच खाली केली, तर समोरच्या पायरीवर तांदूळ निवडणारी एक बाई उठून उभीच राहिली. "आली गं अप्पांची जपानीण!" असं ओरडून तिनं बोळ गोळा केला.

माणसं गाडीभोवती जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तेलाच्या फिल्टरचं जुनं रबर तसंच ठेवून वर नवं बसवलेलं, त्या डॉक्टर तुमीच न्हवं?" मी चाट पडले. ती फजिती अप्पांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. दुसऱ्यानं विचारलं, "डाव्या दिव्याची वायर घावली का शेवटी?"

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी पांढऱ्या लुगड्यात दारात आल्या. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणते. त्यांनी माझा हात धरून मला आत नेलं, पाणी दिलं.

"तुमच्याकडनं आले की जेवताना मला समदं सांगायचे," त्या म्हणाल्या. "मला बाईला गाडीतलं काय कळतंय? पर त्येंचा आवाज तसला. मला सांगायला बसले की बोळातली समदी आपापल्या दारात येऊन बसायची. रविवारची रात झाली की इचारायची, अव्वा, आज काय झालं गाडीचं?"

बाहेर माणसं बंद बॉनेटवर वाकून एकमेकांना काय कुठे आहे ते दाखवत होती.

"रिटायर झाल्यापासनं धा वरसं कुनाशी धड बोललं न्हाईत बगा," अव्वा म्हणाल्या. "दात दुखायला लागला ते बरं झालं."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्या पाया पडले. मग आम्ही दोघी बाहेर गेलो. मी बॉनेट उघडलं. बोळातली सगळी माणसं सरकली आणि त्यांनी अव्वांना पुढे जागा करून दिली.