न वाचता दिलेलं पुस्तक

सुहासिनीबाईंचं सगळं वाचन एसटीत झालं. घर दारव्ह्याला आणि नोकरी यवतमाळच्या पोस्टात, म्हणजे उभी हयात अप-डाऊन. सकाळच्या गाडीत खिडकी धरायची, पर्समधून पुस्तक काढायचं आणि यवतमाळचं स्टँड येईपर्यंत मान वर करायची नाही. ओळखीचे कंडक्टर तिकीट पुस्तकाच्या पानात खोचून पुढे जात. घरी स्वयंपाक होता, मुलगा स्वानंदचा अभ्यास होता, सासूबाईंची दुखणी होती. तिथे पुस्तकाला हात लागत नसे. पण जाता-येताचा तो वेळ त्यांचा एकटीचा होता आणि तेवढ्यात त्यांनी वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढली.

वाचलेलं कुणाला सांगितल्याशिवाय त्यांना करमत नसे. त्यातूनच वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी बायकांची बैठक सुरू झाली. कुणाला काय रुचेल हे त्यांना बरोबर उमगायचं. सासूशी न पटणारीला कुठलं पुस्तक द्यायचं, नवऱ्याच्या बदलीपायी गावोगाव फिरणारीला कुठलं, हे त्या नुसतं दोन वाक्यं बोलून ठरवत. हळूहळू बायका कपाटाकडे बघेनाशाच झाल्या. "ताई, आता काय वाचू?" एवढंच विचारत.

विमलताई त्या बैठकीला आल्या तेव्हा त्यांनी शाळेनंतर एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. त्यांचं शेत आर्णी रस्त्यावरच्या एका खेड्यात. मुलगी नयन हिच्या शिक्षणासाठी त्यांनी दारव्ह्यात घर केलं होतं, आणि नवरा पुंडलिकराव मोटारसायकलवर शेत-घर करत. नयननंच आईला ओढून वाचनालयात आणलं होतं. "हिले काहीतरी द्या हो काकू, दिवसभर टीव्हीच पाह्यते," असं म्हणाली होती. सुहासिनीबाईंनी पहिलं पुस्तक दिलं, दुसरं दिलं, आणि विमलताई अशा लागल्या वाचायला, की कपाशी वेचायच्या दिवसांतही पुस्तक डब्याच्या पिशवीतून शेतात जाऊ लागलं.

सुहासिनीबाई निवृत्त झाल्या तेव्हा वाटलं होतं, आता दिवसभर वाचायचं. एसटीची गरज नाही. पण काही महिन्यांतच त्यांचे यजमान नरहरराव सकाळी दाढी करता करता खाली कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तहसील कचेरीत ज्यांच्या आवाजाला लोक दबकून असत, त्यांच्या तोंडून आता नुसता एक हुंकार निघे. तहान लागली तरी तोच आणि राग आला तरी तोच.

मग दिवस सुरू होई तो त्यांची कूस बदलण्यापासून. सकाळी अंघोळ घालायला भुरीबाई यायची आणि शनिवारी दुपारी थोडा वेळ बसायची. बाकी सगळं सुहासिनीबाईंवर. पेज भरवणं, चादरी, औषधं, हातापायांचे व्यायाम. पुस्तक उघडलं की हुंकार येई. नाही आला तर डोळा लागे. एकच पान पुन्हा पुन्हा वाचून त्यांनी एक दिवस पुस्तक मिटलं, ते मिटलंच. स्वानंद पुण्याहून फोनवर म्हणे, "आई, मोबाइलवर ऐकत जा ना पुस्तकं." त्यांनी ऐकूनही पाहिलं. पण कान सतत आतल्या खोलीकडे असल्यावर गोष्ट कुठून ऐकू येणार?

हे त्यांनी बैठकीत सांगितलं नाही. का नाही, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. नवरा आजारी आहे हे सगळ्यांना माहीत होतंच. पण "ताई, काय वाचू?" हा प्रश्न आला की त्या जुन्या सुहासिनीबाई व्हायच्या आणि दिवसभरात तेवढाच काळ व्हायच्या. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण, मलपृष्ठावरचा मजकूर, सुरुवातीची चार पानं आणि शेवटचं एक, एवढ्यावर त्या बोलू लागल्या. छान बोलत. कुणाला संशय आला नाही. पुस्तकंही बहुतेक बरी निघत.

नयन गेली ती त्याच सुमाराला. पुसदला कॉलेजात होती. मैत्रिणीच्या मागे स्कूटीवर बसली होती, ट्रकनं उडवलं. मैत्रीण वाचली.

विमलताई बैठकीला यायच्या बंद झाल्या. सुहासिनीबाई भेटून आल्या, पण काय बोलावं ते सुचलं नाही. नयनचं नाव घ्यायचं कुणाला धाडस होत नव्हतं. येणारा-जाणारा पिकाचं बोलायचा, पाण्यापावसाचं बोलायचा, चहा घेऊन उठायचा.

वर्ष उलटून गेल्यावर एका शनिवारी विमलताई दारात उभ्या राहिल्या. वाळलेल्या दिसत होत्या. सगळ्या जणी सरकून बसल्या. बैठक संपल्यावर त्या सुहासिनीबाईंजवळ आल्या.

"ताई, काहीतरी द्या वाचाले. हलकंफुलकं. डोकं थाऱ्यावर राह्यत नाही माह्यं."

सुहासिनीबाईंनी घड्याळ बघितलं. भुरीबाईची जायची वेळ झाली होती. नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक कादंबरी होती. मुखपृष्ठावर सायकलवर बसलेली, दोन वेण्यांची हसरी मुलगी. मागे लिहिलं होतं, एका खेड्यातल्या मायलेकींची हळवी, प्रसन्न गोष्ट. त्यांनी पहिलं पान चाळलं. आई मुलीच्या वेण्या घालत होती आणि दोघी भांडत होत्या. भांडण मजेदार होतं.

"हे न्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आवडेल बघा."

"तुम्ही म्हणता मंग चांगलंच असन," विमलताई म्हणाल्या आणि पुस्तक पदराखाली घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात दुपारी पुंडलिकराव दारात आले. ते कधी घरी आले नव्हते. सुहासिनीबाईंनी पाणी पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. पिशवीतून पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं.

"ताई, हे तुम्ही देल्लं का तिले?"

"हो. का, काय झालं?"

"शेतात वाचून राह्यली होती. बांधावर बसून. मी फवारणी करून येतो तर ही जमिनीवर आडवी. मले वाटलं साप चावला. तोंडातून आवाज निघून नाही राह्यला. तवापासून जेवण नाही, बोलणं नाही. मी आमच्या पुतणीले वाचाले लावलं, काय हाय यात म्हणून. याच्यातली पोरगी मरते, ताई. गाडीखाली येऊन मरते."

सुहासिनीबाईंनी ओट्यावरच्या पुस्तकावरल्या हसऱ्या मुलीकडे बघितलं.

"तुम्ही वाचून देल्लं होतं ना?" पुंडलिकरावांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. उलट, नाही म्हणा असंच ते विनवत असल्यासारखे वाटत होते.

आणि सुहासिनीबाईंच्या तोंडून गेलं, "हो. वाचलंय मी."

इतक्या दिवसांची जिभेला लागलेली सवय होती ती. शब्द बाहेर पडला आणि परत घेता येईना. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे जाणून देल्लं," ते म्हणाले. "काहून असं केलं, ताई? आमची पोरगी तुम्हाले काकू म्हणे."

ते गेले. मोटारसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत सुहासिनीबाई तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुस्तक वाचायला घेतलं. भांडी तशीच ठेवली, वरण गॅसवरून उतरवून ठेवलं आणि नरहररावांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्या. सुरुवातीला डोळे ओळींवरून घसरत होते. मग कधी घसरायचे थांबले ते कळलं नाही. मधल्या एका प्रकरणात ती दोन वेण्यांची मुलगी बाजाराला निघते, वळणावर गाडी येते, आणि पुढच्याच ओळीत आई तिची ओढणी गोळा करत असते. सुहासिनीबाईंनी ते वाचलं आणि थांबल्या नाहीत. आतून हुंकार आला. "आले हं," म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं. पुन्हा हुंकार आला. पुन्हा पान उलटलं. खूप दिवसांनी त्या पुस्तकाच्या आत होत्या आणि बाहेर यायची त्यांची इच्छा नव्हती.

आत गेल्या तेव्हा गादी ओली झाली होती. नरहररावांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं. सुहासिनीबाईंनी चादर बदलली, अंग पुसलं, पावडर लावली. तेवढा सगळा वेळ नरहररावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"चुकलं हो माझं," त्या म्हणाल्या. आपण हे नेमकं कशाबद्दल म्हणतोय ते त्यांना स्वतःलाही वेगळं काढता येईना.

शनिवारी भुरीबाई आल्यावर त्या बैठकीला न जाता विमलताईंकडे गेल्या. पुस्तक पिशवीत होतं. काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. पुंडलिकराव शेतावर होते. विमलताई अंगणात बसून तूर निवडत होत्या. त्यांना बघून उठल्या, आणि सुहासिनीबाईंना अपेक्षित होतं त्यातलं काहीच घडलं नाही. विमलताईंनी त्यांचा हात धरून आत नेलं.

"यायनं तुम्हाले काहीबाही म्हटलं म्हणे. मनावर घेऊ नका. त्यायले नाही समजत."

"विमलताई, मी..."

"माह्यं ऐका आधी. साऱ्या जगानं तिचं नाव टाकून देल्लं, ताई. माह्या सख्ख्या बहिणी येतात, पण नयन म्हणत नाहीत. मले वाटे, माह्याच मनात ती होती, बाकी कोणाले आठवतच नाही. मंग ते पुस्तक वाचलं. त्या बाईनं ती ओढणी कशी उचलली, ते वाचलं अन् मी जमिनीवर पडली. लय रडली. ती गेली तवा तर रडताही आलं नव्हतं मले. मी मनात म्हटलं, ताईनं मुद्दाम देल्लं हे. मी मागतलं हलकंफुलकं, अन् तिनं देल्लं हे. तिले माहीत होतं मले काय पाह्यजे ते. एका तरी माणसाले माहीत होतं."

सुहासिनीबाई ऐकत होत्या. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. विमलताईंनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता. तो हात तसाच राहावा असं त्यांना इतकं वाटलं, की त्या वाटण्याचीच त्यांना भीती वाटली.

"मी ते वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

विमलताईंना कळलं नाही. "काय?"

"तुम्हाला दिलं तेव्हा. वाचलं नव्हतं. हे आजारी पडल्यापासून माझं एकही पुस्तक पूर्ण झालेलं नव्हतं. मी वरवर बघून सांगते सगळ्यांना. चित्रावरची मुलगी हसत होती, म्हणून तुम्हाला दिलं. तुमच्या घरी येऊन मी खोटी शाबासकी घेऊ शकत नाही, विमलताई."

विमलताईंनी हात काढून घेतला. झटकला नाही. नुसता काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"पण यायले तुम्ही म्हटलं ना, वाचलं हाय म्हणून?"

"खोटं बोलले."

बाहेर एक शेळी ओरडत होती.

"मंग कायले सांगतलं मले?" विमलताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "राहू देलं असतं तसंच. माह्यं काय बिघडून राह्यलं होतं?"

सुहासिनीबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून खाटेवर ठेवलं. "आता वाचलंय. पूर्ण. पुढे ती आई..."

"नका सांगू," विमलताई म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत सुहासिनीबाईंनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. बायकांनी समजून घेतलं. "चालायचंच ताई, एवढ्या व्यापात कुठून वेळ मिळणार," असं म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांना कुणी विचारेनासं झालं. प्रेरणा नावाच्या एका तरुण शिक्षिकेनं मोबाइलवर गट काढला, आणि कोण काय वाचतंय ते तिथे येऊ लागलं. सुहासिनीबाई तो गट उघडून बघत आणि काही न लिहिता बंद करत.

विमलताई बैठकीला आल्या नाहीत. कापूस निघाला, सोयाबीन केव्हाच विकून झालं, थंडी पडली. आणि एका दुपारी त्या घरी आल्या. पुस्तकाचा विषय काढला नाही, चहाही नको म्हणाल्या.

"मी बसते यायच्यापाशी," नरहररावांच्या खोलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचत बसा जरा वेळ."

"अहो, कशाला उगाच..."

"बसा म्हटलं ना."

सुहासिनीबाई शेजारच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसल्या. भिंतीपलीकडून विमलताईंचा आवाज यायला लागला. त्या नरहररावांशी बोलत होत्या. नयन लहानपणी कशी तुरीच्या शेतात लपून बसायची, कॉलेजात जायच्या दिवशी कोणता ड्रेस घालू म्हणून तिनं सकाळपासून कसा जीव खाल्ला होता, ट्रकवाल्याच्या खटल्याच्या तारखेला त्या कशा मुद्दाम गेल्या नाहीत, सारं सांगत होत्या. मध्ये मध्ये नरहररावांचा हुंकार येई. विमलताई "हाव ना, भाऊ" म्हणत आणि पुढे सांगत.

यातलं एक अक्षरही त्यांनी सुहासिनीबाईंना कधी सांगितलं नव्हतं. उठून बाहेर जावं असं त्यांना वाटलं, पण आपण गेलो की बोलणं थांबेल हे त्यांना कळत होतं. पुस्तक मांडीवर पहिल्याच पानावर उघडं होतं. त्या आवाज न करता तशाच बसून राहिल्या.