तिसऱ्या खेपेचं पाणी

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर फार थकले होते. ‘बरं का’ म्हणत दर वाक्याला दम घेत. प्रयोग मात्र मुलींच्याच हातून करवून घेत. त्यांची बढती शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांच्या शेऱ्यावर अडली होती. तपासणीच्या दिवशी मी, शाळेचा शिपाई, दाराशीच उभा होतो. एका विणकराच्या मुलीनं पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून त्यावर पेला उपडा घातला. दोनदा मेणबत्ती कलंडली.

“तुम्हीच करून दाखवा की!” साहेब वैतागले.

“मला येतं, साहेब. तिला यायचंय.”

साहेब तडक निघून गेले. तिसऱ्या खेपेला पेल्यात पाणी चढलं.

“मास्तर, चढलं की!”

मास्तरांनी डोळे पुसले. “पुन्हा कर, पोरी. मला नीट दिसलं नाही.”