मागच्या रक्तात काय निघालं?

डॉक्टरांनी आयेचं लुगडं पोटावरनं बाजूला केलं. विचारलं नाही. पडदा ओढला नाही. खाटेभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, पोरं-पोरी दोन्ही. पाण्यानं तट्ट फुगलेल्या तिच्या पोटावर बोटं आपटत ते म्हणाले, "लिव्हर गेलेलं. यांच्या वस्तीत दारू फार. बायकासुद्धा पितात."

कुणीतरी हसलं.

आय बारीक आवाजात म्हणाली, "आवं डाक्टर, म्या उभ्या जन्मात दारूला हात लावला न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

सांगलीतलं मोठं हॉस्पिटल ते. एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं. मी इस्लामपूरला कॉलेजात होते. आय लोकांच्या उसात राबायची. कंबर धरली की गावातल्या डॉक्टरकडं सुई घ्यायची. आम्ही बौद्ध वस्तीतले. बाहेर पायरीवर बसायचं. ऊसवाल्यांच्या घरच्यांना पाकिटातली नवी सुई. आम्हाला सगळ्यांना मिळून एक. पाण्यात बुचकळायची, की ह्याच्या दंडातनं त्याच्या दंडात.

मग ह्याच हॉस्पिटलची जीप वस्तीत आली. काविळीवर संशोधन चाललंय म्हणाले. आयेनं हात पुढं केला. सगळ्यांनी केला. रक्त गेलं. निरोप काही आला नाही.

आता खाटेपाशी एक शिकाऊ पोरगी इंग्रजीत म्हणाली, "सर, ही आपल्या संशोधनातली केस ना? दोन वर्षांपूर्वीच हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलेली?"

"हो. तेही आहेच."

तेही आहेच!

मला इंग्रजी कळत होतं. हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातनं, सुईतनं पसरणारी, लिव्हर खाणारी कावीळ. अंगाचा नुसता भडका उडाला. ह्यांना ठाऊक होतं. आय त्यानंतरही त्या पायरीवर बसत होती. तिच्या दंडातली सुई पुढच्याच्या दंडात जात होती. आणि हे गप्प.

मी त्यांचा हात धरून बाजूला केला. आयेचं लुगडं सारखं केलं.

"आमाला का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय उपयोग? औषध झेपणार होतं तुम्हाला?"

"सुई तरी थांबवली आसती आमी!"

ते पुढच्या खाटेकडं वळले. घोळका मागोमाग गेला.

आय रक्ताच्या उलट्या करत गेली. शेवटपर्यंत खाटेजवळ येईल त्याला सांगत होती, म्या दारू पीत न्हाई. मरणाऱ्या बाईला हे सांगावं लागलं.

काही महिन्यांनी जीप परत आली. एक तरुण डॉक्टर उतरला. माणसं बाह्या वर करायला लागली. मी मध्ये उभी राहिले.

शेजारचे आबा म्हणाले, "पोरी, मोठी मानसं हाईत. जाऊ दे."

"मोठी हाईत म्हणूनच, आबा."

डॉक्टर हसून म्हणाला, "ताई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"रक्त द्यायला आमी न्हाई म्हणत न्हाई. पर मागच्या रक्तात कुणाला काय निघालं, ते आदी सांगा. ज्याचं त्याला. कळंल आशा मराठीत. तवर हितं एक बी दंड उघडणार न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग बाही खाली ओढली. एकेकानं ओढली.

जीप वळली, पुढच्या गावच्या रस्त्याला लागली. मी भावाची सायकल काढली आणि उसाच्या मधल्या वाटेनं निघाले. तिथल्या वस्तीलाही सांगायचं होतं. ती जीप जिथं जिथं थांबेल, तिथं मी तिच्याआधी पोचणार.