छतामागची ओल

हॉस्पिटलात त्याला सगळे थंडोबा म्हणत. एसीची सगळी कामं त्याच्याकडे, आणि स्वभावही तसाच. आग लागली तरी हा आधी पाना शोधणार. बायको मात्र लवंगी मिरची. "ह्यांच्या हातून घरचा पंखा दुरुस्त व्हायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल," असं ती चारचौघांत ऐकवायची. तोही हसायचा.

तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि ती त्याच्याच हॉस्पिटलात येऊन पडली. औषधांनी पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या. मास्कशिवाय कोणी आत यायचं नाही, फुलं आणायची नाहीत. अशात तिच्या खोलीतला एसी बंद पडला. फॉल्स सीलिंगमध्ये एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली होती. कोपऱ्यातला ओलीचा डाग थंडोबाने साहेबांना आधीच दाखवला होता. "खोली रिकामी झाली की बघू," साहेब म्हणाले होते. साहेबांचं 'बघू' म्हणजे नाहीच. त्या मजल्यावर खोली रिकामी होते कधी? एक पेशंट हलला की गादी गार व्हायच्या आत दुसरा.

नियम थंडोबाला पाठ होता. आधी पेशंट हलवायचा, प्लास्टिक लावून खोली बंद करायची, मगच छत उघडायचं. पण हलवायला जागा नव्हती, आणि बायको घामाने निथळत होती. तोंड आतून सोललेलं, पाणीही गिळवत नव्हतं.

"अहो, जगाचे एसी दुरुस्त करता ना?" ती एवढंच म्हणाली.

त्याला राहवलं नाही. वेडेपणाच होता, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्याने शिडी आणली, तिच्या तोंडावर चादर ओढली आणि छताची एक फळी सरकवली. फळीची वरची बाजू काळी, लवदार झाली होती. थोडी धूळ खाली आली. त्याने नळी मोकळी केली, फळी बसवली, फरशी पुसली. गार वारा आला तशी ती लहान मुलासारखी झोपली.

मग ताप चढला, तो उतरेना. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. "फुप्फुसात बुरशी दिसतेय. खोलीत छतबित उघडलं होतं का कोणी?"

"पावाला येते ती बुरशी?"

"तसलीच. तुम्हाआम्हाला काही होत नाही. त्यांच्या अंगात लढायला काही उरलेलं नाही."

"मीच उघडलं," तो म्हणाला. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी औषध बदललं, आणि ते लागू पडेलच असं नाही, हेही सांगितलं. "हिला कळू देऊ नका," तो गयावया करत राहिला.

बायको मात्र धाप लागत असतानाही येईल त्या नर्सला सांगत होती, "आमच्या ह्यांनी स्वतः केलं." ते शेजारच्या खोलीपर्यंत पोचलं. तिथल्या पेशंट पोराची आई दाराशी आली.

"भाऊ, आमचाही एसी बंद पडलाय. पोरगा तळमळतोय हो. वहिनींचा केलात तसा आमचाही करून द्या ना."

"द्या ना करून," बायको उशीवरून म्हणाली. तिचा हात त्याच्या हातात होता.

"नाही!" थंडोबा असा ओरडला की ती बाई मागे सरली. "छताला कोणाला हात लावू देऊ नका. आधी पोराला बाहेर काढा. मी उघडलं म्हणूनच हिच्या छातीत बुरशी गेली!"

बाई पळतच गेली. बायकोने छताकडे बघितलं, मग त्याच्याकडे.  आणि त्याच्या हातातला आपला हात काढून घेतला.