ठिपका वर की खाली?

इन्शिराह मेतवल्ली हे नाव ओळखपत्राबाहेर कधी पडलंच नाही. जन्मली तेव्हाच ती गोलमटोल, आणि पहिली पावलं टाकली तीही अशी डुलत डुलत, की आजीने जागच्या जागी बारसं उरकलं. बत्ता! आपल्याकडचा बत्ता खलात असतो, कैरोतला पाण्यात. बत्ता म्हणजे बदक. बुलाकच्या गल्ल्यांत गुबगुबीत पोरीला बदक म्हणणं हे लाडाचं, त्यामुळे त्या नावाचा राग ना तिला कधी आला, ना तिच्या नवऱ्याला.

बाप इस्त्रीवाला. भली थोरली लोखंडी इस्त्री, तिच्यावर एक पाय ठेवायचा, लांब दांडा हातात धरायचा आणि पायाने ढकलत कापडावरून फिरवायची, ही त्याची पद्धत. घस्स, घस्स, टक्. त्या तालावर तो गायचा आणि कोपऱ्यात बसलेली बत्ता झील ओढायची. शाळेत ती बरोब्बर तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी आई बाळंत झाली, पाठोपाठ आणखी दोन भावंडं आली, आणि अक्षरं राहिली ती राहिलीच. त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. गाणं एकदा ऐकलं की पाठ, सासूचे टोमणे एकदा ऐकले की जन्मभर पाठ. वाचायचं कशाला?

इमादुद्दीन रस्त्यावरच्या नाटक मंडळींचे कपडे बापाकडे इस्त्रीला यायचे. एकदा ती कपड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन थिएटरात शिरली, तेव्हा तालीम चालू होती आणि मालक-नट उस्ताद हलवानी कपाळ बडवत होते. मोलकरणीचं काम करणारी नटी रुसून तांता गावी माहेरी गेली होती. बत्ता गठ्ठा टेकवून उभी राहिली, गाणं ऐकलं, आणि परत निघताना जिन्यातच ते म्हणायला लागली. हलवानींनी वरून हाक मारली, "ए, कोण गं तू?"

"इस्त्रीवाल्याची बत्ता."

"चालून दाखव."

ती चालली. हलवानी हसले, तबलजी हसला, आणि झुरळ मारत बसलेला झाडूवालाही हसला. तिला काम मिळालं.

पण काम मिळालं म्हणजे कागद मिळाले. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो, वर लाकडी झापड. त्यात बसून झनातीकाका नटांना वाक्यं पुरवायचे. प्रॉम्प्टरकी करता करता त्यांचे गुडघे त्या खड्ड्याच्या मापाचे होऊन गेले होते. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पहिल्या दिवशी बत्ता मान डोलवत कागद वाचतेय असं सगळ्यांना वाटलं. झनातीकाका तेवढे खालून पुटपुटले, "पोरी, कागद उलटा आहे."

बत्ताने कागद झटकन पाठीमागे लपवला.

"घाबरू नकोस. कान तरी सुलटे आहेत ना? मग झालं. सकाळी तासभर लवकर येत जा."

तेव्हापासून सकाळी काका वाचायचे आणि ती ऐकायची. ही गोष्ट त्या दोघांपलीकडे कुणाला कळली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

प्रयोगाच्या दिवशी दारावर जाहिरात लागली. बत्ता तिच्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, माझं नाव कुठलं?" काकांनी बोट ठेवलं, आणि ठेवता ठेवताच त्यांच्या लक्षात आलं. अरबीत तिच्या नावातलं पहिलं अक्षर म्हणजे एक इवलासा दात. त्याच्याखाली ठिपका असला तर ब, वर असला तर न. रंगाऱ्याने ठिपका वर चढवला होता. बत्ताची नत्ता झाली होती, आणि नत्ता म्हणजे उडी. काका सांगणार होते. पण पोरीने त्या नावावर तळवा टेकवला, मग तोच तळवा ओठांना लावला, आणि काकांनी आपलं बोट हळूच काढून घेतलं.

बाकीच्या मंडळींना वाटलं, तिने वाचलंय, तिला चालतंय, आपण कशाला बोला?

संध्याकाळी बत्ता रंगमंचावर आली तेव्हा लोकांनी जाहिरात वाचलेली होती. उडी नावाची बाई! त्यांना वाटलं, सर्कशीतली कुणी असणार. आली ती ही गोल गरगरीत. मागून एकजण ओरडला, "ए नत्ता, मार की उडी!" मग दुसरा, मग सगळं थिएटर. बत्ताला उमगलं ते एवढंच, की लोकांना उडी हवी आहे. पण मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत बुलाकात नाही. तिने परकर सावरला, डोळे मिटले आणि मारली उडी.

फळ्या कडाडल्या. वीस वर्षांची धूळ खड्ड्यातल्या झनातीकाकांच्या नाकात गेली आणि त्यांनी अशी काही शिंक दिली की वरचं झापड हललं. लोक हसून हसून आडवे झाले. हलवानींनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं, "रोज उडी. आणि झनाती, रोज शिंक!" तेव्हापासून काकांच्या खिशात तपकिरीची डबी आली.

पुढे चौदा वर्षं बत्ताने मोलकरणी केल्या, खाष्ट सासवा केल्या, एकदा तर बेचाळीस किलोच्या नवरदेवाची वधू केली आणि त्याला उचलून पडद्याआड नेलं. प्रत्येक नाटकात तिचं एक गाणं, एक उडी आणि खालून एक शिंक. नाटकं टीव्हीवर दिसू लागली, तशी ती पार दक्षिणेच्या टोकाला अस्वानपर्यंत पोचली. बाजारात टोमॅटोवाला ओरडायचा, "नत्ता, एक उडी, एक किलो फुकट!" बत्ताला वाटायचं, मी उड्या मारते म्हणून लोक मला प्रेमाने उडी म्हणतात. लोकांनी नावं ठेवली तर माणूस रुसतो, ही मात्र खुलायची. जाहिराती बदलल्या, रंगारी बदलले, पण प्रत्येक जण जुनीवरून नवी उतरवत गेला आणि ठिपका वरच राहिला.

मग टीव्हीचं खरं बोलावणं आलं. दिग्दर्शक उस्ताद वग्दी रमजानसाठी मालिका करत होते, रोज रोजा सुटल्यावर दिसणारी. त्यात गल्लीतल्या गाणाऱ्या धोबिणीचं काम, तीसही भागांत. उडी नाही, मोलकरीण नाही. हसवणारी, रडवणारी, भरभक्कम बाई. बत्ता हरखली. मग वग्दींच्या मदतनीस इब्तिहालने सांगितलं, "उस्तादांची एक सवय आहे हं. आधी कुणाला कागद देत नाहीत. दोन महिन्यांनी सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, आणि जे समोर येईल ते तिथेच वाचायचं. ताजं ताजं."

आजवर तिने हवं तेव्हा लोकांना हसवलं होतं. टेबलाभोवतीचे ते शिकलेले लोक तिला हसतील, ते हसणं वेगळं. आणि ही भूमिका तर तिला हवीच होती.

ती शुब्रा भागात झनातीकाकांच्या घरी गेली. काका नुकतेच काम सोडून घरी बसले होते.

"काका, चला माझ्याबरोबर. टेबलाखाली बसा, पण वाचा."

काका हसले. "टेबलाखाली बसेन गं, तिथेच आयुष्य गेलं. पण मला कुठे दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटची दोन वर्षं जुनीच नाटकं चालली, खड्ड्यात नुसता पाठ म्हणत होतो. कागद असाच धरायचो, कदाचित उलटाही असेल."

"म्हणजे? तुम्ही मला फसवत होतात?"

"तुझ्याकडूनच शिकलो."

बत्ता डोक्याला हात लावून बसली. काका म्हणाले, "कणीक मळ."

"भूक लागली?"

"कणीक मळ म्हणतो ना. आणि भिजवलेले वाल आण."

कणकेच्या वळकट्यांची अक्षरं, वालाचे दाणे म्हणजे ठिपके. बत्ता परातीत अक्षर मांडायची, काका बोटांनी चाचपून बघायचे. "हा दाणा कुणी खाल्ला? ठिपका नाही तर शब्द नाही." दोन महिने ती रोज सकाळी येत राहिली. कधी रडकुंडीला यायची, कधी रागाने अक्षरं गोळा करून तव्यावर टाकायची. काका म्हणायचे, "आजचा धडा चांगला भाजलाय." महिनाभराने ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली, आणि नवरा तिच्याबरोबर बाजारात जायला कंटाळू लागला.

एक दिवस काका म्हणाले, "आज नाव लिही." तिने दात मांडला, त्याच्याखाली दाणा ठेवला, पुढची अक्षरं मांडली. काकांनी बोटं फिरवली. "शाब्बास. बत्ता." ती खुशीत हात पुसत उठली आणि तिची नजर भिंतीवर गेली. तिथे काकांनी जपलेली पहिल्या नाटकाची जाहिरात होती. बत्ता जवळ गेली. परातीकडे पाहिलं. पुन्हा जाहिरातीकडे पाहिलं.

"काका, इथे दाणा वर का?"

काका परातीतला दाणा उगाच चाचपू लागले.

"हे 'न' आहे. काका, हे नत्ता आहे! पहिल्याच दिवशी? उडी मारायच्या आधी?"

"अगं, रंगाऱ्याने..."

"आणि तुम्ही बोट ठेवून मला दाखवलंत! मी त्याची पापी घेतली! चौदा वर्षं मला वाटलं, मी उडी मारली म्हणून नाव पडलं. आणि नाव चुकलं म्हणून मी उड्या मारत होते होय? सगळ्या कैरोला माहीत, आणि मीच तेवढी बदक!"

"सांगणार होतो पोरी. पण तू इतकी खूश होतीस..."

"बोलू नका माझ्याशी." ती परात तशीच टाकून निघाली. जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. "कणीक वाळेल," असं पुटपुटत तिने परातीवर ओलं फडकं घातलं आणि मग गेली. चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, धडा घेतला, पण काकांशी अक्षरांखेरीज एक शब्द बोलली नाही.

वाचनाचा दिवस उजाडला. टेबलाभोवती बारा माणसं, मध्ये चहा, प्रत्येकापुढे नवे करकरीत कागद. बत्ताने सगळ्यात आधी कागद सुलटा आहे का ते पाहिलं. बोट ओळीवर ठेवून, शाळकरी पोरीसारखं, ती वाचू लागली. एक पान गेलं. दुसरं गेलं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिसऱ्या पानावर धोबीण शेजारणीला विचारते, आज काय खबर? बत्ताने तिथे नसलेला ठिपका पाहिला, आणि खबरची भाकरी झाली. अरबीत खबर आणि भाकरी या शब्दांत एका ठिपक्याचंच अंतर आहे.

"आज काय भाकरी, बहिणी?" तिने वाचलं.

सगळं टेबल खो खो हसलं. वग्दींनी टाळी वाजवली. "वा! ही नत्ता! कागद हातात आला नाही तोच पदरचं घालायला लागली. इब्तिहाल, लिहून घे, भाकरीच ठेवू."

मूठ आपोआप झाकली गेली होती. बत्ताने नुसतं हसायचं होतं. पण तिला ती जाहिरात आठवली. चूक झाली, लोक हसले, आणि कुणी काही बोललं नाही. पुढे चौदा वर्षं गेली.

"उस्ताद," ती म्हणाली, "गंमत नाही केली मी. चुकलं माझं. दोन महिन्यांपूर्वी मला एकही अक्षर येत नव्हतं. वालाच्या दाण्यांवर शिकले. अजून ठिपके कधी कधी उडतात."

समोरची एक पोक्त नटी चष्मा काढून तो उगाच पुसू लागली. वग्दींनी बत्ताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाई कसली आहे? सावकाश वाचा, बाई. खबरपासून."

तिने वाचलं. खबर म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत सगळा भाग पुरा केला. भाकरी मात्र वग्दींनी सोडली नाही; दोन पानं पुढे ती तिच्या तोंडी घातलीच.

निघताना इब्तिहालने पेन पुढे केलं. "नामावलीसाठी नाव लिहून द्या. तुमच्या हाताने."

बत्ताने लिहिलं, ठिपका सोडून सगळं. मग पेन हवेत धरून इतका वेळ उभी राहिली की इब्तिहालने विचारलं, "बाई, शाई संपली का?"

रमजानच्या पहिल्या दिवशी, रोजा सुटल्यावर, बत्ता नवऱ्याला आणि वालाच्या आमटीचं पातेलं घेऊन शुब्ऱ्याला गेली. काका टीव्हीला नाक लावून बसले होते. मालिकेची गाणी वाजू लागली, नामावली सुरू झाली.

"पोरी, मला नुसता उजेड दिसतो. वाच ना."

इतकी वर्षं काका वाचायचे आणि ती ऐकायची. बत्ता टीव्हीजवळ फरशीवर बसली आणि एकेक नाव वाचू लागली. नावं भराभर सरकत होती. निम्मी तिच्या हातून निसटली, तरी ती ओरडून ओरडून वाचत राहिली. मग एकदम थांबली.

"आलं का?" काकांनी विचारलं. मग जरा भीत भीत, "दाणा कुठाय?"

"वर," बत्ता म्हणाली. "आणि कुणा रंगाऱ्याने नाही. मी ठेवलाय."

मग बत्ता उठली, पायघोळ गलाबिया सावरला आणि दिवाणखान्याच्या मधोमध उडी मारली. पेले नाचले, भिंतीवरची जाहिरात तिरकी झाली, आणि झनातीकाकांनी, खिशात तपकीर नसताना, दणदणीत शिंक दिली.

खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "अगं कोण आहे वर? छत पाडतेस का?"

"नत्ता!" बत्ताने खिडकीतून ओरडून सांगितलं.