खोलूबाबांचं पोट

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला अख्खा बाजार खोलूबाबा म्हणायचा. मशीन कुठलीही येवो, बाबा आधी ती पुरती खोलणार. भाग फडक्यावर मांडून, गिऱ्हाइकाला समोर बसवून, "हे बघ, इथं झिजलंय," असं दाखवल्याशिवाय त्यांना चैन नसे. वरच्या भोकातून तेल सोडून मशीन परत देणारे त्यांच्या लेखी चोर.

अशा माणसाला जठराचा कॅन्सर झाला, आणि लेकीनं परस्पर ठरवलं की ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं. बाबांना ते सर्जनबाईंच्या खोलीत कळलं, तेही संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी लेकीची सही दिसल्यावर.

"चार भोकांतून जठर काढणार?" बाबा कडाडले. "माझ्याच पोटाला वरवरचं काम?"

"वरवरचं नाही हो बाबा," सर्जनबाई म्हणाल्या. "आत कापायचं तेवढंच कापतो. जठराभोवतीच्या गाठीही काढतो, मग लॅबमध्ये त्या मोजतात. सफाई नीट झाली का, ते त्यावरून कळतं. तुमचा आजार पुढे गेलाय, म्हणून सफाई महत्त्वाची."

"पुढे गेलाय?" बाबांनी मान वळवली. "ही तर म्हणाली, सुरुवातीलाच सापडला!"

लेक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"चार वेळा सलाईन चढवलं, केस गेले, आणि मी आपला खुळ्यासारखा सगळ्यांना सांगत फिरतोय, थोडक्यात वाचलो म्हणून! पोट माझं की तुझं गं?"

"ओरडू नका," लेक म्हणाली. "टाके पडायच्या आधीच पोट फुटेल."

"फुटू दे!" बाबांनी खुर्ची बाईंकडे ओढली. "बाई, मला सरळ सांगा. कशानं जास्त जगेन?"

"हात सरावलेला असेल, तर जगण्यात फारसा फरक दिसलेला नाही. दुर्बिणीत दुखणं कमी, माणूस लवकर उठतो. पोट उघडून केलं तर जखम मोठी, भरायला वेळ."

"आणि तुमचा हात?"

"उघडी ऑपरेशनं शेकड्यांनी केलीत. इतक्या पुढे गेलेल्या जठराची दुर्बिणीतून पंधरा-वीसच. आमचे सर रोज करतात, पण त्यांच्याकडे महिनाभराची रांग आहे. तेवढं थांबावं असं मला वाटत नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?" आता लेक उसळली.

"तुम्ही विचारलंच नाहीत. दुर्बीणच हवी म्हणून हटून बसलात. तरी मी सांगायला हवं होतं."

"हटणारच!" लेक बाबांवर उलटली. "आईचं पोट उघडलं होतं, आठवतंय? जखमेत पू झाला. तीन महिने रोज दोनदा ती जखम मी धुतली. ती उशी चावायची. तुम्ही कुठे होता? दुकानात, कुणाच्या तरी मशिनीत डोकं घालून! परत ते नाही बघायचं मला."

तीन महिने आपण घरी उशिरा का जात होतो, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. त्या जखमेच्या वासाला ते भ्यायचे. इतक्या वर्षांत पोरीनं कधी तोंडावर म्हटलं नव्हतं, म्हणून निभावलं होतं.

राग आता कुणावर काढावा ते न कळून त्यांनी टेबलावरच थाप मारली. "उघडा! यांचा हात ज्यात बसलाय तेच करायचं. पण ड्रेसिंग नर्स करेल. ही माझ्या जखमेला हात लावणार नाही."

"मी लावणार," लेक दात आवळून म्हणाली. "आणि तुम्ही डोळे उघडे ठेवून बघायचं. तोंड फिरवलंत तर तिथंच सोडून जाईन."

"बघेन."

"पेन द्या इकडे." तिनं आपल्या सहीवर इतक्या जोरात काट मारली, की कागद फाटला.

सर्जनबाईंनी दुसरा फॉर्म काढला आणि सहीसाठी बाबांसमोर ठेवला.