नागपंचमीची बरणी

उज्जैनच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये, फॉर्मलिनच्या बरणीत वाम जातीचा एक समुद्री मासा होता. दिसायला हुबेहूब साप. जिवंत असताना हा मासा शेपटीकडून वाळूत शिरतो आणि फक्त तोंड बाहेर ठेवतो. लॅबचे वयस्कर शिपाई दर नागपंचमीला त्या बरणीला हळदकुंकू वाहायचे. मी शिकवायला लागले त्या वर्षीच त्यांना बरणीजवळ नेऊन कल्ले दाखवले, कल्ल्यांमागचे इवलेसे पर दाखवले. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, “मैडम, आप पढ़ाइए, पूजा मैं कर लूँगा.” मला राग आला. त्यानंतर दरवर्षी ते कुंकू लावायचे आणि मी ओल्या फडक्याने पुसायचे.

मग सगळीकडे कॉम्प्युटर आले. आमची लॅब रिकामी करून तिथे ते बसवायचे ठरले, आणि फेकायच्या बरण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शिपाई एकेक बरणी पुसून देत होते, मी नाव लिहीत होते. ही बरणी त्यांनी जरा जास्तच वेळ पुसली.

मी यादीत लिहिलं, ‘नाग’.

प्राचार्यांनी सही करण्याआधी तेवढी एक ओळ खोडली. “इसे रहने दीजिए,” ते म्हणाले.